उतारवयातली झोप: तास, किलो आणि ताकद

साठीला जे वजन होतं तेच सत्तरीलाही राखलं, की घरी आणि दवाखान्यात दोन्हीकडे शाबासकी मिळते. ही शाबासकी पुष्कळदा चुकीच्या गोष्टीला दिलेली असते. त्या दहा वर्षांत मांड्या-दंडांतले दोन-तीन किलो स्नायू गेलेले असू शकतात आणि तितकीच चरबी पोटात येऊन बसलेली असू शकते. काट्यावरची बेरीज तीच राहते. अमेरिकेत पिट्सबर्ग आणि मेम्फिस या शहरांतल्या ७० ते ७९ वयाच्या सुमारे १,८८० माणसांची तीन वर्षं मोजमापं घेतली गेली. पायांतले स्नायू वर्षाला साधारण एक टक्क्याने घटत होते, पायांची ताकद मात्र त्याच्या जवळजवळ तिप्पट वेगाने. ज्यांचे स्नायू टिकले किंवा थोडे वाढले त्यांचीसुद्धा ताकद घटायची थांबली नाही.

'झोप कमी तर वजन जास्त का?' हा प्रश्न तिशीतल्या माणसाबद्दल विचारला तर ठीक आहे. सत्तरीत तो विचारण्याआधी दोन्ही बाजू उलगडाव्या लागतात. वजन म्हणजे चरबी, स्नायू की ताकद? आणि झोप म्हणजे अंथरुणावर पडून काढलेले तास, खरोखर डोळा लागलेले तास, की सकाळी विचारल्यावर माणूस सांगतो ते तास? या विषयावरच्या संशोधनातला निम्मा गोंधळ या सरमिसळीतून आलेला आहे, असं माझं मत आहे.

सांगितलेल्या तासांवर किती विसंबायचं याचं उत्तर शिकागोत मिळालं. तिथल्या मध्यमवयीन लोकांच्या मनगटावर हालचाल टिपणारं घड्याळासारखं यंत्र, म्हणजे अ‍ॅक्टिग्राफ, बांधून त्यांच्या सांगण्याशी ताडून पाहिलं गेलं. मोजलेली झोप सरासरी सहा तास निघाली, सांगितलेली पावणेसातच्या पुढे. गंमत अशी की सगळे सारखे चुकत नव्हते. पाच तास झोपणारे तासाहून जास्त फुगवून सांगत होते, सात तासवाले त्याहून पुष्कळ कमी. म्हणजे प्रश्नावलीत 'सहा तास' लिहिणारा माणूस प्रत्यक्षात पाचवाला असण्याची शक्यता बरीच. आपल्याकडे चेन्नईत ४५२ कष्टकरी लोकांवर झालेल्या अभ्यासाने, जो २०२१मध्ये प्रसिद्ध झाला, याहून मोठी दरी दाखवली. ही माणसं रोज आठ तास अंथरुणात असत आणि झोपत साडेपाच तास. उकाडा, डास, गोंगाट, अरुंद जागा. मुंबईच्या चाळीत किंवा पुण्याच्या पेठेत राहणाऱ्या कुणाला याचं नवल वाटू नये. ते लोक २५ ते ५५ वयाचे होते. साठीपुढे ही दरी आणखी रुंदावते, कारण रात्री एक-दोनदा लघवीला उठणं, गुडघेदुखी, ढास आणि पहाटे चारला टक्क जाग हे सगळं त्यात येऊन मिळतं.

म्हणूनच या प्रश्नावर मला सर्वांत वजनदार वाटणारा अभ्यास सांगितलेल्या तासांवर उभा नाही. अमेरिकेत हाडांच्या ठिसूळपणाच्या दोन मोठ्या पाहण्यांत आधीच नोंदलेल्या ३,०५५ पुरुषांच्या आणि ३,०५२ स्त्रियांच्या मनगटांवर तीच यंत्रं बांधली गेली. पुरुष ६७च्या पुढचे, स्त्रिया ७०च्या पुढच्या. निष्कर्ष २००८मध्ये आले. रात्री पाच तासांहून कमी झोपणाऱ्या पुरुषांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, सात-आठ तास झोपणाऱ्यांपेक्षा २.५ने जास्त होता, स्त्रियांचा १.८ने. लठ्ठपणाची शक्यता पुरुषांत ३.७ पट, स्त्रियांत २.३ पट. चरबीचं प्रमाणही जास्त आणि ती पोटाभोवती एकवटलेली. निद्रानाशाच्या तक्रारी हिशेबात घेतल्या तरी आकडे हलले नाहीत. झोपेत श्वास अडखळण्याचा विकार, म्हणजे स्लीप अ‍ॅप्निया, हिशेबात घेतला तेव्हा मात्र संबंध सौम्य झाला. पुसला गेला नाही, पण सौम्य झाला.

ही शेवटची गोष्ट महत्त्वाची आहे. मानेभोवती आणि जिभेच्या मुळाशी चरबी साठली की झोपेत श्वासमार्ग मिटतो, माणूस गुदमरून क्षणभर जागा होतो, आणि हे रात्रीत शेकडो वेळा घडू शकतं. विस्कॉन्सिनमधल्या एका दीर्घ पाहणीत वजन दहा टक्क्यांनी वाढलेल्यांच्या श्वास अडखळण्याच्या प्रमाणात सुमारे ३२ टक्के वाढ दिसली. तितकंच वजन उतरलेल्यांत सुमारे २६ टक्के घट. म्हणजे इथे बाण वजनाकडून झोपेकडे जातो. एकाच वेळी मोजलेल्या झोपेवरून आणि वजनावरून कोण आधी आणि कोण नंतर हे ठरवता येत नाही, हे एरवी पुस्तकी वाटणारं बंधन इथे अगदी प्रत्यक्ष आहे. जे आजोबा 'गाढ झोपेत' घोरतात त्यांची झोप सगळ्यांत तुटकी असू शकते.

उलट दिशेचा बाण, झोपेकडून वजनाकडे, खरा आहे का? त्यासाठी प्रयोग लागतात आणि ते झाले आहेत. २००४मध्ये बारा तरुणांना दोन रात्री फक्त चार-चार तास झोपू दिलं. भूक शमवणारं लेप्टिन १८ टक्क्यांनी घसरलं, भूक चाळवणारं घ्रेलिन २८ टक्क्यांनी चढलं. हे आकडे वर्तमानपत्रांतून इतके फिरले की झोप म्हणजे केवळ या दोन संप्रेरकांचा खेळ, असा समज झाला. पुढच्या प्रयोगांत संप्रेरकांचं चित्र इतकं सुबक राहिलं नाही. खाण्यातली वाढ मात्र पुन्हा पुन्हा दिसली. २०२२च्या एका प्रयोगात दोन आठवडे रोज चार तास झोपणारे निरोगी लोक दिवसाला तीनशेहून जास्त कॅलरी जादा खाऊ लागले आणि त्यांच्या पोटातली आतड्यांभोवतीची चरबी ११ टक्क्यांनी वाढली. त्याच वर्षी उलटा प्रयोगही झाला: कमी झोपणाऱ्या, वजनदार अशा ८० तरुणांची झोप सुमारे सव्वा तासाने वाढवली आणि त्यांचं खाणं दिवसाला जवळपास २७० कॅलरींनी आपोआप उतरलं. कुणी त्यांना पथ्य सांगितलं नव्हतं.

पण वयस्कांच्या दृष्टीने मला सगळ्यांत बोलका वाटतो तो २०१०चा शिकागोचा प्रयोग. दहा माणसं, वजन थोडं जास्त, सरासरी वय ४१. त्यांना चौदा दिवस मोजूनमापून कमी जेवण दिलं. एकदा साडेआठ तास झोपायला देऊन आणि एकदा साडेपाच तास. दोन्ही वेळा वजन सारखंच, सुमारे तीन किलोने घटलं. वजनकाट्याला विचारलं असतं तर त्याने 'काही फरक नाही' म्हटलं असतं. पण कमी झोपेच्या पंधरवड्यात चरबी १.४ऐवजी फक्त ०.६ किलो गेली, आणि स्नायूंसह इतर चरबीविरहित भाग १.५ऐवजी २.४ किलो गेला. तेच ताट, तेवढंच घटलेलं वजन, फक्त जे जायला हवं होतं ते राहिलं आणि राहायला हवं होतं ते गेलं. चाळिशीतला माणूस हे नुकसान भरून काढतो. बाहत्तराव्या वर्षी मधुमेहासाठी 'पाच किलो उतरवा' असा सल्ला मिळालेला आणि रात्री पाच तास झोपणारा माणूस नक्की काय उतरवतो आहे, हा प्रश्न या छोट्या प्रयोगाने उभा केला.

स्नायू झोपेअभावी का झिजतात याचाही माग लागला आहे. एका रात्रीच्या पूर्ण जागरणाने स्नायूंत नवं प्रथिन बांधलं जाण्याचा वेग १८ टक्क्यांनी मंदावतो, तणावाचं कॉर्टिसॉल २१ टक्क्यांनी वाढतं आणि टेस्टोस्टेरॉन २४ टक्क्यांनी घटतं, असं ऑस्ट्रेलियातल्या गटाने २०२१मध्ये दाखवलं. त्याच्या वर्षभर आधी आलेल्या दुसऱ्या प्रयोगात पाच रात्री चार-चार तास झोपवलेल्या तरुणांत हाच वेग मंदावला होता. मात्र ज्यांनी त्या दिवसांत दमदार व्यायाम चालू ठेवला त्यांच्यात तो टिकून राहिला.

आता या सगळ्यातली मोठी फट. वर सांगितलेल्या प्रयोगांपैकी एकातही साठीपुढचा माणूस नव्हता. वयस्क शरीर म्हणजे जुनं झालेलं तरुण शरीर नव्हे. १६ ते ८३ वयाच्या १४९ निरोगी पुरुषांच्या झोपेच्या नोंदी एकत्र करून २०००मध्ये जो लेख आला त्यात गाढ, संथ लहरींची झोप पंचविशीपर्यंत रात्रीच्या जवळपास १९ टक्के होती आणि पन्नाशीच्या आतच साडेतीन टक्क्यांच्या खाली आली होती. वाढीचं संप्रेरक मुख्यतः याच झोपेत स्रवतं, आणि तेही त्याच वेगाने घसरलेलं होतं. म्हणजे ज्या खजिन्याला तरुणाचं जागरण धक्का लावतं तो वृद्धाचा आधीच रिता झालेला असतो. त्यामुळे एक तास झोप कमी झाल्याने त्याचं नुकसान तरुणापेक्षा जास्त होतं की कमी, हे तरुणांच्या आकड्यांवरून ठरवणं म्हणजे अंदाजाला विज्ञानाचा सदरा घालणं.

स्नायूंच्या बाजूने पाहिलं तर वृद्धांवरच्या पाहण्या भरपूर आहेत, पण बहुतेक एकाच वेळी टिपलेल्या. वयानुसार स्नायू आणि ताकद धोक्याच्या पातळीखाली जाण्याला वैद्यकात सार्कोपेनिया म्हणतात. आशियाई तज्ज्ञांच्या गटाने २०१९मध्ये त्याचे निकष नव्याने बांधले: हाताची पकड पुरुषांत २८ आणि स्त्रियांत १८ किलोपेक्षा कमी, पोटरीचा घेर पुरुषांत ३४ आणि स्त्रियांत ३३ सेंटिमीटरपेक्षा कमी असला तर शंका घ्यायची, खुर्चीतून पाच वेळा उठून बसायला १२ सेकंद किंवा जास्त लागले तरी तसंच. तैवानमधल्या एका पाहणीत सहा ते आठ तास झोपणाऱ्यांच्या तुलनेत सहाहून कमी झोपणाऱ्यांत सार्कोपेनियाची शक्यता पावणेतीन पट होती, आणि आठ किंवा जास्त तास झोपणाऱ्यांत जवळपास दुप्पट. कोरियाच्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीत नऊ तासांच्या पुढचे लोक धोक्यात दिसले. पाहण्या एकत्र केल्या की आलेखाची दोन्ही टोकं वर जातात, मधला भाग खाली राहतो.

वजनाच्या बाबतीत कमी झोपेचं टोक बोलकं, स्नायूंच्या बाबतीत दोन्ही टोकं. या दोन टोकांना एकाच न्यायाने वागवणं ही या विषयातली सर्रास होणारी चूक आहे. 'जास्त झोपल्याने स्नायू झिजतात' अशा मथळ्याचे लेख निघतात आणि घरातले लोक आजीला सकाळी सहाला हलवून उठवू लागतात. थोडं थांबून पाहू.

नऊ-दहा तास झोपणाऱ्या वृद्धाच्या त्या तासांत काय काय मिसळलेलं असतं? नैराश्य, ज्याला आपल्या घरांत अजून 'वयामुळे मन लागत नाही' म्हणतात. थायरॉइड. हृदय किंवा मूत्रपिंड थकलेलं. झोप आणणारी अ‍ॅलर्जीची, दुखण्याची, मेंदूची औषधं. तुटक झोपेची भरपाई म्हणून वाढवलेले तास. आणि कधी कधी मेंदूतच सुरू झालेली झीज. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम या गावच्या प्रसिद्ध पाहणीत २०१७मध्ये असं आढळलं की ज्यांची झोप नव्याने नऊ तासांच्या वर गेली त्यांना पुढच्या दहा वर्षांत स्मृतिभ्रंश होण्याचा धोका दुपटीहून जास्त होता. इथे लांबलेली झोप आजार आणत नाही, त्याची चाहूल देते. याच आजारांत नकळत वजनही उतरतं आणि स्नायूही झिजतात. म्हणून लांब झोप आणि झिजलेले स्नायू एकत्र दिसले तरी एकाने दुसरं घडवलं असं म्हणायला आधार तोकडा आहे.

एक अपवाद मात्र सोडून चालणार नाही: नुसतं पडून राहणं. २००७मध्ये सरासरी ६७ वर्षांच्या धडधाकट लोकांना दहा दिवस अंथरुणात ठेवलं गेलं. आजार नाही, ताप नाही, जेवण ठरल्याप्रमाणे. दहा दिवसांत पायांतला जवळपास एक किलो स्नायूभाग गेला आणि प्रथिन बांधण्याचा वेग ३० टक्क्यांनी उतरला. तरुण माणूस महिनाभर पडून राहिला तरी इतकं गमावेलच असं नाही. म्हणून साडेसहा तास झोपणारी आणि साडेदहा तास अंथरुणात असणारी व्यक्ती ही माझ्या दृष्टीने सगळ्यांत दुर्लक्षित. तिची झोप कागदावर पुरेशी दिसते, आणि चार तासांचं ते लोळणं कुठल्याच रकान्यात बसत नाही. दुपारच्या वामकुक्षीबद्दलही हेच. स्पेनमधल्या मुर्सिया भागातल्या तीन हजारांहून जास्त प्रौढांच्या पाहणीत अर्ध्या तासाच्या आतली डुलकी निरुपद्रवी निघाली. त्याहून लांब झोपणाऱ्यांचा बीएमआय आणि रक्तदाब थोडा जास्त होता. तिथली झोप सावकाश जेवणानंतरची, पलंगावरची. पुणेकरांनी यातून काय घ्यायचं ते घ्यावं.

आतापर्यंत झोप स्नायूंना काय करते ते पाहिलं. उलटही घडतं, आणि ते कमी सांगितलं जातं. २०१७मध्ये उंदरांवर एक चकित करणारं काम झालं. शरीराचं घड्याळ चालवणारा एक जनुक मेंदूऐवजी फक्त स्नायूंत पुन्हा चालू केला, आणि उंदरांची बिघडलेली झोप बऱ्याच अंशी जागेवर आली. उंदरांवरून माणसांवर उडी मारू नये. पण माणसांतही निराश वृद्धांना दहा आठवडे वजनं उचलायला लावल्यावर त्यांची झोप सुधारल्याचं १९९७मध्येच नोंदलेलं आहे. आणि वय आडवं येतं म्हणणाऱ्यांसाठी बोस्टनच्या वृद्धाश्रमातला १९९०चा प्रयोग: नव्वदीच्या आसपासची दहा माणसं, आठ आठवड्यांचा जड वजनांचा व्यायाम, पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली.

भारतीय शरीराबद्दल इथे वेगळं बोलायलाच हवं, कारण आपल्याकडे वजनकाट्याची फसवणूक दुप्पट आहे. २००४मध्ये 'लॅन्सेट'मध्ये पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी लंडनच्या जॉन यूडकिन यांच्यासोबत स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. यूडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के. दिसायला सडपातळ आणि आतून चरबीने भरलेलं हे शरीर पुण्याजवळच्या खेड्यांतल्या नवजात बाळांतही त्यांच्या गटाने दाखवलं. असं शरीर घेऊन जो सत्तरीला पोहोचतो त्याच्याकडे स्नायूंची शिल्लक मुळातच कमी. त्याला पाश्चात्त्य पाहणीतला 'बीएमआय सामान्य' हा शेरा लावणं निरर्थक आहे. देवनारच्या लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८मध्ये ४५ वर्षांपुढच्या सुमारे ७२ हजार भारतीयांची जी मोठी पाहणी केली तिच्यात वजन-उंचीसोबत हाताची पकडही मोजली, हे म्हणूनच मोलाचं.

त्यात ताटाचा प्रश्न. प्रौढांसाठी आपल्या राष्ट्रीय पोषण संस्थेची शिफारस किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनांची आहे. वृद्धांसाठी आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ १ ते १.२ ग्रॅम म्हणतात. साठ किलोच्या आजीला साठ-सत्तर ग्रॅम. वरण-भात, अर्धी पोळी, रात्री 'हलकं म्हणून' दूध-पोहे, यातून ते जमत नाही. झोपण्यापूर्वी दूध पिण्याच्या सवयीला मात्र विज्ञानाचा थोडा टेकू मिळाला आहे. नेदरलँड्समधल्या मास्ट्रिक्ट इथे २०१७मध्ये सुमारे बाहत्तरीच्या पुरुषांना झोपण्याआधी दुधातलं ४० ग्रॅम प्रथिन दिलं तेव्हा रात्रभर स्नायूंची बांधणी वाढली. पेलाभर दुधात सहा-सात ग्रॅमच असतं, हे हळद घालण्यापूर्वी लक्षात ठेवावं. शिवाय त्याच गटाने पुढच्या वर्षी बारा आठवडे व्यायाम करणाऱ्या वृद्धांना व्यायामानंतर आणि झोपण्यापूर्वी कमी मात्रेत प्रथिन देऊन पाहिलं, तेव्हा व्यायामाने मिळालेल्या ताकदीत काहीच भर पडली नाही. ते लोक आधीच बऱ्यापैकी खाणारे होते.

मग तास किती? अमेरिकेच्या नॅशनल स्लीप फाउंडेशनने २०१५मध्ये ६५ वर्षांपुढे सात ते आठ तास सुचवले, आणि पाच-सहा किंवा नऊ तासही काहींना योग्य असू शकतात असं त्याच तक्त्यात लिहिलं. मला ही सूट शिफारशीपेक्षा जास्त प्रामाणिक वाटते. आयुष्यभर सहा तास झोपून ताजातवाना राहिलेल्या माणसाला आठ तासांचं लक्ष्य दिलं की तो साडेनऊला दिवा मालवून छताकडे बघत बसतो आणि शेवटी गोळी मागतो. झोपेच्या त्या गोळ्या वृद्धांना शक्यतो देऊ नयेत, असं अमेरिकन वार्धक्यतज्ज्ञांची यादी वर्षानुवर्षं सांगते, कारण तोल जातो आणि खुबा मोडतो. आणि मोडलेल्या खुब्याइतक्या झपाट्याने स्नायू दुसरं काहीच नेत नाही. निद्रानाशावरचा पहिल्या पसंतीचा वर्तनोपचार उलट अंथरुणातले तास कमी करायला सांगतो, म्हणजे जेवढे तास उरतात तेवढ्यांत डोळा नीट लागतो.

झोप, वजन आणि स्नायू हे तिन्ही धागे एकाच ठिकाणी येतात अशी जागा आता समोर आली आहे. जून २०२४मध्ये टिर्झेपटाइड या इंजेक्शनची लठ्ठ आणि स्लीप अ‍ॅप्निया असलेल्या लोकांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. वर्षभरात श्वास अडखळण्याचे प्रसंग तासाला पंचवीसहून जास्तने घटले आणि वजनही सुमारे १८ ते २० टक्के उतरलं. मार्च २०२५पासून हे औषध भारतात मिळतं. अशा औषधांनी जे वजन जातं त्यातला साधारण पाव ते चाळीस टक्के भाग चरबीचा नसतो, आणि त्या चाचणीतल्या लोकांचं सरासरी वय पन्नाशीच्या आसपास होतं. २०१७च्या एका चाचणीत ६५ वर्षांपुढच्या १६० लठ्ठ व्यक्तींना आहार आणि व्यायामाने वजन उतरवायला लावलं होतं. नुसतं चालण्यासारखा व्यायाम करणाऱ्यांचा चरबीविरहित भाग पाच टक्क्यांनी घटला, वजनं उचलणाऱ्यांचा दोनच टक्क्यांनी. पंचाहत्तरीच्या माणसाला हे इंजेक्शन सुरू करताना घोरणं आणि काटा तर सगळेच तपासतील. खुर्चीतून हात न टेकता पाच वेळा उठायला त्याला किती सेकंद लागतात, तो आकडा पहिली सुई टोचण्याआधी केसपेपरवर लिहायला मिनिटभरही लागत नाही.